घरात तिघांना खाज, गोळी लागू पडते एकीलाच: असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब. नऊ वर्षांच्या मुलीला तान्ही असल्यापासून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आतल्या घडीत इसब आहे. रात्री रक्त निघेपर्यंत खाजवते. तिच्या आईच्या अंगावर गेले चार महिने पित्त उठतंय. आजोबांचा चेहरा, मान आणि हात दर पावसाळ्यात लाल होतात, सुजतात, आणि आता तिथली कातडी जाड, काळसर झाली आहे. तिघांनाही सिट्रिझिन दिली. गुण आला तो फक्त आईला. मुलीच्या रक्तातला आयजीई (ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) १८०० निघाला आणि "हा प्रतिकारशक्तीचा प्रश्न आहे" एवढंच कानावर पडलं. मुलीचे वडील विचारतात: खाज तीच, गोळी तीच, मग फरक का? आणि प्रतिकारशक्ती वाढवायला काही द्यावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात चूक झाली तर अपाय होतो. प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून विकलं जाणारं काहीही देऊ नका. तुमच्या घरात कोणाचीच प्रतिकारशक्ती कमी पडलेली दिसत नाही. तिघांमध्येही तिची एकेक शाखा गरज नसताना जोरात चालली आहे. अशा वेळी तिला आणखी चेतवणाऱ्या काढ्यांचा आणि चूर्णांचा आग्रह मला खरोखर काळजीचा वाटतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यांतल्या काहींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती.

आता पहिला प्रश्न. तिघांची खाज तीच नाही. बाहेरून सारखी दिसली तरी ती सुरू करणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत, आणि औषध लागू पडायचं तर ते त्या पेशीला लागू पडावं लागतं.

त्वचेच्या अगदी वरच्या थरापर्यंत बारीक मज्जातंतू पोचलेले असतात. खाजेचा निरोप मेंदूकडे तेच नेतात. त्यांना चेतवणारा पदार्थ कोणता, याचं उत्तर वैद्यकात बराच काळ एकच दिलं जायचं: हिस्टॅमिन. सिट्रिझिन, लेव्होसिट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, हायड्रॉक्सिझिन या सगळ्या गोळ्या हिस्टॅमिनचा एकच ग्राही (पेशीवरची ती जागा, जिथे पदार्थ चिकटून निरोप देतो), एच-१, अडवतात. पण हिस्टॅमिनशिवायही भयंकर खाज सुटते, आणि याचा पुरावा आपल्या रानात उगवतो. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो, हे घाटावर किंवा कोकणात रानातून फिरलेल्या कोणालाही सांगायला नको. १९५५ मध्ये शेली आणि आर्थर या संशोधकांनी त्या लवेतून म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) वेगळं काढलं. ते पार-२ आणि पार-४ नावाच्या ग्राहींना चेतवतं, हे पुढे २००८ मध्ये दाखवलं गेलं. हिस्टॅमिनची खाज नेणारे तंतू आणि खाजकुयलीची खाज नेणारे तंतू बऱ्याच अंशी वेगळे आहेत. सिट्रिझिन घेऊन कोणी खाजकुयलीत हात घातला तर गोळीचा फारसा उपयोग होणार नाही. तुमच्या मुलीची खाज याच दुसऱ्या वाटेने जाते. तिच्याकडे सविस्तर येते, पण त्याआधी एक शंका फेडून घ्यायला हवी.

एकाच घरात तिघांना खाज म्हटलं की कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ पहिल्यांदा खरूज बघतो. तुम्ही दिलेली वर्णनं वेगवेगळी आहेत, तरीही तिघांच्या बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवतीचा भाग, काखा आणि जांघा तपासून घ्या. तिथे बारीक पुळ्या असतील आणि रात्री अंथरुणात खाज वाढत असेल, तर आधी खरजेचं औषध, तेही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. ज्याला खाज नाही त्यालाही. इसब असलेल्या मुलाला वरून खरूज झालेली असणं हे अजिबात दुर्मीळ नाही.

खरजेचा उल्लेख आणखी एका कारणाने करते. खाज किडा देत नाही, आपल्या पेशी देतात, हे खरजेइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच आजारात दिसत नाही. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर जेमतेम १० ते १५ किडे असतात. पहिल्यांदा लागण झाली की ४ ते ६ आठवडे माणसाला पत्ताही लागत नाही. तेवढ्या वेळात टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या ओळख ठेवणाऱ्या पेशी, किड्याची प्रथिनं ओळखायला शिकतात आणि मग खाज सुरू होते. त्याच माणसाला पुन्हा लागण झाली तर १ ते ३ दिवसांतच खाज सुटते, कारण पेशींना ओळख पटलेली असते. याउलट ज्यांची प्रतिकारशक्ती खरोखरच खालावलेली असते त्यांना खपल्यांची खरूज होते. अंगावर हजारो किडे, कातडीवर जाड पापुद्रे, आणि खाज मात्र अनेकदा कमी. मलम नीट लावून किडे मेल्यानंतरही दोन ते चार आठवडे खाज रेंगाळते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष त्वचेत असेपर्यंत पेशी शांत होत नाहीत. या काळात "औषध लागू पडलं नाही" म्हणून लोक पुन्हा पुन्हा परमेथ्रिन हे खरजेचं मलम फासतात आणि त्याने कातडी आणखी भडकते.

आता आईचं पित्त. ते तिघांत सगळ्यात सोपं आहे. यातली मुख्य पेशी म्हणजे मास्ट पेशी. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तिचं वर्णन केलं. विशिष्ट रंग टाकले की तिच्या पोटातले दाणे उठून दिसतात. ती त्वचेत रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या अगदी लगत बसलेली असते, आणि त्या दाण्यांत हिस्टॅमिन भरलेलं असतं. पेशी चेतली की काही मिनिटांत दाणे बाहेर पडतात, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, गांधी उठते, खाज सुटते. सगळा खेळ मुख्यतः हिस्टॅमिनचा असल्यामुळे गोळीचा गुण येतो.

चार महिने म्हणजे सहा आठवड्यांची मर्यादा ओलांडली, त्यामुळे हे दीर्घकालीन पित्त झालं. त्यात खाण्यातला पदार्थ कारण असणं विरळा. बऱ्याच रुग्णांत शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती मास्ट पेशीला चेतवत राहतात. तेव्हा वांगं, दही, आंबट, शेंगदाणे असं एकेक बंद करत जाण्यापेक्षा दोन गोष्टी करा. एका गांधीभोवती पेनाने रेघ काढून ठेवा. ती २४ तासांच्या आत डाग न ठेवता गेली पाहिजे. जास्त टिकत असेल, खाजेपेक्षा दुखत जास्त असेल किंवा मागे जखमेसारखा काळा-निळा डाग राहत असेल, तर तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो आणि त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. दुसरं म्हणजे अंगदुखीला घेतल्या जाणाऱ्या ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्यावर लक्ष ठेवा. काही रुग्णांत पित्त त्यांनीच वाढतं. गोळी लागेल तेव्हा घेण्याऐवजी रोज घ्यायची असते. एकीने भागत नसेल तर झोप न आणणाऱ्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत नेता येते. तेवढ्यानेही थांबलं नाही तर आयजीईला अडकवून ठेवणारं ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे, दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम. मात्र ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडखळला, तर गोळीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

आजोबांच्या बाबतीत मला गाजरगवताचा दाट संशय आहे. काँग्रेस गवत म्हणतात तेच. पन्नासच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाची साथही १९७४ मध्ये पुण्यातल्याच रुग्णांवरून जगासमोर मांडली गेली. पावसाळ्यात ते बांधावर, रस्त्याकडेला माजतं. त्याची लव, परागकण आणि वाळलेल्या पानांचा भुगा हवेतून उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. पापण्या, कानामागचा भाग, हनुवटीखाली, मानेच्या वळ्या, कोपराची घडी: इथे आजार दिसत असेल तर हवेतून येणाऱ्या पदार्थाकडे बोट जातं. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर हनुवटीखालचा आणि कानामागचा भाग सहसा सुटतो. तपासताना मी आधी तिथेच बघते.

या आजारात मास्ट पेशीचा संबंध फार थोडा. गवतातला पार्थेनिन हा छोटा रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो. वरच्या थरातल्या लांगरहान्स पेशी आणि त्यांच्या खालच्या थरातल्या भाऊबंद पेशी ते जोडप्रथिन उचलून मानेतल्या, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. त्यांतल्या ज्या टी पेशींना ते नेमकं जुळतं त्यांची संख्या वाढते आणि त्या त्वचेत परततात. पुढच्या वेळी गवत अंगाला लागलं की या पेशी जमतात; पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणूनच सोमवारी बांध साफ केला आणि बुधवारी तोंड सुजलं, तर दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानातच येत नाही. पुन्हा यातल्या काही टी पेशी त्या जागी कायमच्या मुक्कामाला राहतात. वर्षभर त्वचा साफ दिसली तरी त्या तिथेच असतात, आणि पाऊस पडून गवत आलं की आजार नेमक्या जुन्या जागांवर उमटतो. या पेशींवर हिस्टॅमिनविरोधी गोळीचा परिणाम होण्याचं कारणच नाही. आजोबांना तिने फक्त गुंगी आली असेल.

त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं औषध म्हणजे गवताशी संपर्क तोडणं. हे सांगायला सोपं आणि शेतकऱ्याला पाळायला अवघड आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. निदान गवत त्यांनी स्वतः उपटू नये, जाळूही नये. दुसऱ्यांनी ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून काढावं. शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मानेभोवती उपरणं. आल्यावर लगेच आंघोळ आणि कपडे वेगळे. धुतलेले कपडे गवताच्या बाजूला वाळत घालू नका. औषधांत सुरुवातीला स्टेरॉइडचं मलम किंवा थोडे दिवस गोळ्या लागतात. आजार वर्षानुवर्षांचा असेल तर टी पेशींची वाढ रोखणारं अझाथायोप्रिन आपल्याकडे पूर्वीपासून वापरलं जातं. त्याला ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं, ते टाळू नये. आणखी एक गोष्ट: वय झालेल्या माणसाला अंगभर नवी खाज सुटली आणि मग टम्म पाण्याचे फोड आले, तर तो पेम्फिगॉइड नावाचा वेगळाच आजार असू शकतो. फोड येण्याआधी कित्येक महिने नुसती खाजच असते.

आता मुलगी. तिच्या आजारात एकच पेशी दोषी धरता येत नाही.

इसबाची सुरुवात बहुतेकदा त्वचेच्या भिंतीपासून होते. फिलाग्रिन नावाचं प्रथिन वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की त्याच्या जनुकातल्या दोषांमुळे इसबाची शक्यता बरीच वाढते. भिंत कच्ची असली की धूळ, साबण, घाम, जंतू आत शिरतात. मग वरच्या थरातल्या साध्या त्वचापेशीच टीएसएलपी, आयएल-३३ असे संकेत सोडतात. २०१३ मध्ये असं आढळलं की टीएसएलपी मज्जातंतूला थेट चेतवून खाज सुरू करू शकतं. म्हणजे रक्तातली एकही पेशी अजून पोचलेली नसताना खाज सुरू होऊ शकते.

त्या संकेतांनी प्रतिकारयंत्रणेची एक विशिष्ट शाखा जागी होते. टाइप-२ शाखा. ती मुळात जंत आणि परजीवी यांच्याविरुद्ध घडलेली आहे. तिच्यातल्या टीएच-२ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) आणि त्यांच्याच कामाच्या आयएलसी-२ पेशी मुख्यतः आयएल-४, आयएल-१३ आणि आयएल-३१ हे रेणू सोडतात. पहिले दोन, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना आयजीई बनवायला लावतात, आणि फिलाग्रिनचं उत्पादन आणखी घटवतात. आधीच कच्ची भिंत त्यामुळे अजून कच्ची होते. आणि ते मज्जातंतूंवरही काम करतात. हे नीट उलगडलं ते २०१७ मध्ये. अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या ब्रायन किम यांच्या गटाने दाखवलं की खाजेच्या तंतूंवरच आयएल-४ चा ग्राही असतो, आणि तो चेतला की एरवी जेमतेम जाणवणारे खाजेचे पदार्थही त्या तंतूला असह्य करतात. तंतूच्या आत हा निरोप जॅक-१ नावाच्या विकरामार्फत जातो. आयएल-३१ चा शोध २००४ चा. तोही टी पेशींतूनच येतो, त्याचा ग्राही तंतूवरच असतो, आणि तो तंतूंना नव्या फांद्या फुटायलाही लावतो. लोकरीचा स्वेटर, घामाचा थेंब, अंगावरून फिरलेला हात: निरोगी मुलाला ज्यात काहीच वाटत नाही त्याने तुमच्या मुलीला खाज का सुटते, ते यातून कळतं. ती नाटक करत नाही. "खाजवू नको" म्हणून तिला रागावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्यात जंतूंची भर पडते. इसबाच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मोठ्या प्रमाणात वाढतो. २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की तो व्ही-८ नावाचं प्रथिनं तोडणारं विकर सोडतो आणि ते तंतूंवरच्या पार-१ ग्राहीला थेट चेतवतं. खाजकुयलीचीच युक्ती, एका जंतूने वापरलेली. चट्ट्यांवर पिवळट खपल्या, लस, दुखणारी लाली दिसली तर जंतूंचा बंदोबस्त आधी करावा लागतो. नुसतं स्टेरॉइड त्या वेळी अपुरं पडतं.

आणि खाजवणं. खाजवल्यावर तंतूच्या टोकातून सब्स्टन्स-पी हा रेणू सुटतो, तो मास्ट पेशींना चेतवतो आणि सूज वाढते. २०२५ च्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या संशोधकांनी उंदरांमध्ये हे उलगडून दाखवलं. त्यात त्यांना असंही आढळलं की खाजवण्याने त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस काहीसे घटतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खाजवण्याची ओढ काही कामासाठी घडलेली असावी; थोड्या वेळापुरता तिचा फायदा, आणि महिनोन्‌महिने चालली तर नुकसान. नखं कापणं, ओल्या गार फडक्याने दाबणं, रात्री सुती मोजे हातात घालणं, हे उपाय किरकोळ वाटतात, पण सुजेचं हे चक्र एका ठिकाणी तोडतात.

आता तुम्हाला कळेल की सिट्रिझिन मुलीला का लागू पडली नाही. या सगळ्या वर्णनात हिस्टॅमिन नावापुरतं आहे. जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी रात्र कधी बरी जाते ती गुंगीमुळे. शाळेच्या दिवसांत ती गुंगी सकाळीही उरते, म्हणून महिनोन्‌महिने देऊ नये.

१८०० चा आयजीई हा टाइप-२ शाखा जोरात असल्याचा परिणाम आहे. त्या आकड्यावरून आजाराचं कारण कळत नाही. इसबाच्या काही रुग्णांत तो अगदी साधारणही असतो, आणि पोटात जंत असले तर इसब नसतानाही वाढतो. त्या आकड्याच्या धाकाने दूध, अंडी, गहू बंद करू नका. अन्नाच्या ॲलर्जीच्या लांबलचक रक्ततपासणीत पॉझिटिव्ह येणं म्हणजे रक्तात त्या पदार्थाचे प्रतिपिंड सापडणं. तो पदार्थ खाऊन त्रास होतो असा त्याचा अर्थ होत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोनेक तासांत ओठ सुजणं, उलटी, अंगभर गांधी असं प्रत्येक वेळी होत असेल तरच त्याचा विचार करायचा. वाढत्या वयात मुलीचं दूध तोडून उंची-वजन खुंटलेलं बघणं फार वाईट वाटतं. उलट अन्नपदार्थ फुटलेल्या कातडीवर लावणं टाळा: डाळीचं पीठ, दुधाची साय, हळद घातलेलं उटणं. अन्नाची प्रथिनं कच्च्या भिंतीतून आत गेली तर त्यांची ॲलर्जी नव्याने जडू शकते.

उपचाराचा पाया म्हणजे भिंत सावरणं. रोज कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, सौम्य साबण फक्त काखा-जांघांपुरता, आणि अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, भरपूर मलई (दुधाची नव्हे, त्वचा ओलसर ठेवणारं मॉइश्चरायझर). महागडी नसली तरी चालेल; पांढरं पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चालतं. मोहरीचं तेल नको. थंडीत दिवसातून दोनदा.

चट्टे लाल असतील तेव्हा स्टेरॉइडचं मलम लागतंच. त्याला घाबरून अर्धवट लावणं आणि बेफाम लावणं, दोन्ही मी रोज बघते. स्टेरॉइड त्वचेतल्या टी पेशींना आणि त्यांच्या रेणूंना एकदम खाली आणतं, म्हणूनच गुण येतो. बोटाच्या शेवटच्या पेरावर येईल एवढी पट्टी मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मध्यम ताकदीचं, लाली जाईपर्यंत रोज, नंतर वारंवार उठणाऱ्या जागांवर आठवड्यातून दोनदा. चेहऱ्यावर आणि घड्यांमध्ये टॅक्रोलिमसचं मलम बरं. २ वर्षांपुढच्या मुलांना ०.०३ टक्क्यांचं. ते टी पेशींनाच रोखतं आणि कातडी पातळ करत नाही. पहिले काही दिवस चुरचुरतं, मग थांबतं.

मेडिकलमधून न विचारता मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब मात्र घरातून काढून टाका. तिच्यात बहुधा क्लोबेटासोल असतं, लहान मुलीच्या कातडीला फार जड. आणि अशा ट्यूबांमुळे गजकर्णाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. बुरशीशी लढणाऱ्या पेशी स्टेरॉइडने गप्प बसतात, खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र निवांत पसरते. नायटा कडांनी वाढत, घरभर फिरत राहतो.

एवढं सगळं नीट करूनही मुलीची झोप मोडतच राहिली, तर पुढची औषधं आहेत आणि ती नेमक्या वर सांगितलेल्या जागांवर काम करतात. डुपिलुमॅबचं इंजेक्शन आयएल-४ आणि आयएल-१३ यांचा सामाईक ग्राही झाकतं. अमेरिकेत २०१७ मध्ये ते मोठ्यांसाठी मान्य झालं, २०२२ पासून ६ महिन्यांपुढच्या बाळांसाठीही. ते देण्याआधी जंतांचं औषध देऊन घ्यायचं, कारण जंतांविरुद्धची शाखाच आपण दाबत असतो. डोळे लाल होणं हा त्याचा नेहमीचा त्रास. नेमोलिझुमॅब हे दुसरं इंजेक्शन आयएल-३१ चा ग्राही अडवतं. जपानमध्ये २०२२ आणि अमेरिकेत २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. जॅक विकर रोखणाऱ्या गोळ्या, उपाडासिटिनिब आणि ॲब्रोसिटिनिब, खाज दोन-तीन दिवसांतही उतरवू शकतात. तंतूमधलाच निरोप तुटतो म्हणून इतका वेग. पण अमेरिकेत त्यांना मान्यता १२ वर्षांपुढेच आहे, आणि त्यांचा दाब टाइप-२ शाखेपुरता राहत नाही. आपल्याकडे क्षयरोग घरोघर लपलेला असतो, त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी केल्याशिवाय ही गोळी कोणीही सुरू करू नये. नागिणीचा धोकाही वाढतो. ओळखीच्याला गुण आला म्हणून दुकानातून आणून खाण्याचं हे औषध नाही.

खर्चाचं स्पष्ट बोलायला हवं. ही इंजेक्शनं बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहेत. सुदैवाने इसब असलेल्या मुलांतल्या बऱ्याच जणांना मलई, योग्य मलम आणि जंतूंचा बंदोबस्त यांवरच राखता येतं. मधल्या पायरीवर मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारयंत्रणा दाबणारी औषधं आणि अतिनील किरणांचा उपचारही आहेत. ते जुने आणि स्वस्त आहेत, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत मिळतात.

तुम्ही आधी मुलीला दाखवा, आजोबांना नंतर. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्याही, पिशवीत घालून न्या. आईच्या गांधींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत अंग साफ झालेलं असतं. आजोबांची पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ॲलर्जी बघण्याची तपासणी) करायची तर पाठ साफ असताना आणि स्टेरॉइडच्या गोळ्या बंद असताना करावी लागते. पट्ट्या ४८ तास पाठीवर राहतात, त्या वेळात अंघोळ नाही आणि घाम येईल असं काम नाही, आणि दुसरं वाचन चौथ्या दिवशी होतं. त्यामुळे पावसाळा उलटल्यावर, सुगीची घाई नसताना आठवडाभराची सोय करून तारीख घ्या.